थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी वायर हलवून बघा

भाऊ, पारोळ्याच्या पुढे गाडी ४० च्या वर जाईना, चेक इंजिनचा दिवा लागला आणि गॅरेजवाल्याने पी २१३५ हा बिघाडाचा कोड बघून थेट नवी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) सांगितली, असं तुम्ही लिहिलंय. थांबा भो, घाई नको.

या कोडचा अर्थ एवढाच की झडप किती उघडली हे सांगणाऱ्या दोन सेन्सरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बॉडी खराब असेलच असं नाही.

कोड वाचायच्या स्कॅनरवर दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज लाइव्ह लावा. चावी ऑन, इंजिन बंद, पेडल सावकाश दाबा. बऱ्याच गाड्यांत एक चढतं तसं दुसरं उतरतं, काहींत दोन्ही चढतात. एकच व्होल्टेज मधेच उडी मारत असेल तर त्याची वायर, पिन किंवा सेन्सर खराब. दोन्ही एकदम ढासळत असतील तर आधी सेन्सरचा ५ व्होल्टचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा. हे बघतानाच कुणाला तरी कनेक्टर आणि वायरिंग हलवायला सांगा.

माझ्या गाडीत पिनवर हिरवट गंज होता, लॉकही तुटलेलं. आपल्याकडच्या उन्हात बॉनेटखालचं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. पिन साफ केली, नवं कनेक्टर बसवलं, कोड परत आला नाही.

थ्रॉटल बॉडीतला कार्बन साफ करायचाच असेल तर चावी ऑन ठेवून झडपेत बोट घालू नका, झडप अचानक फिरू शकते. नंतर आयडल रीलर्न करून घ्या, म्हणजे पेडल न दाबता इंजिन किती फिरावं हे गाडीच्या कंप्युटरला परत शिकवा.