अकरा वर्षांच्या मुलाला हरणाच्या शिकारीला पाठवावं का?

बर्फातला_बाबा

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये, वॉसॉजवळच्या एका छोट्या गावात राहतो. नऊ वर्षं झाली. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा मोसम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत गावात दुसरा विषयच नसतो. पेट्रोल पंपापासून बारपर्यंत शिकाऱ्यांच्या स्वागताच्या पाट्या, जिकडेतिकडे झेंडूच्या रंगाची जाकिटं. ऑफिसात त्या सोमवारी मीटिंग लावायची नाही, हे नव्या माणसाला आल्याआल्या सांगून ठेवतात.

आमचे शेजारी सत्तरीचे आहेत. गायी विकून निवृत्त झाले. आम्ही भारतात गेलो की आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून ठेवतात. त्यांची नात नऊ वर्षांची, आमच्या चिरंजीवांशी तिची गट्टी. तर आजोबांनी विचारलंय, यंदा तुझ्या पोरालाही नेऊ का?

कायद्याची आडकाठी नाही. २०१७ पर्यंत इथे मोठ्यांच्या देखरेखीखाली शिकार करायलाही किमान दहा वर्षांची अट होती. त्या वर्षी ती काढूनच टाकली. लगेच पाळण्यातल्या बाळांच्या नावानेही परवाने निघाल्याच्या बातम्या आल्या होत्या. आता बरोबरच्या मोठ्या माणसाने मुलापासून हाताच्या अंतरावर राहायचं, एवढं पुरतं. पालकांची संमती मात्र लागते. म्हणजे हो म्हणायचं की नाही, ते माझ्यावर.

गेल्या वर्षी त्यांच्या गॅरेजमध्ये गेलो होतो. मागच्या पायांनी टांगलेली हरिणी, खाली पुठ्ठा पसरलेला, त्यावर थेंब थेंब रक्त. आजोबा कातडं ओढून काढत होते. नात एका हाताने टॉर्च धरून उभी, दुसऱ्या हातात डोनट. टॉर्च जरा हलला की ते "इकडे, इकडे" म्हणत. मी दोन मिनिटांत काहीतरी निमित्त काढून सटकलो.

माझं मन नको म्हणतंय. पण का, ते धड सांगता येत नाही, कारण दर रविवारी आमच्याकडे चिकन असतं. बायको कोल्हापूरकडची. ती म्हणते, "जत्रेत बोकड कापताना मी सहाव्या वर्षी बघितलाय. पांढऱ्या रश्शावरचं मन काही उडालं नाही. जाऊ दे त्याला." तुम्ही काय कराल?

सरळसोट

यात विचारायचं काय? मुंगीला साखर घालायला शिकवणारी आपली माणसं. पोराच्या हातात बंदूक देऊन मुक्या जिवाला मारायला लावायचं, त्याला संस्कार म्हणायचं? तिथल्यांना काय करायचं ते करू दे.

ओक्लेअरची_मावशी

सरळसोट, बाबांचं घर चिकन खाणारं आहे, तेव्हा मुंगीची साखर जरा बाजूला ठेवू. मी विस्कॉन्सिनमध्येच असते आणि माझी लेक चार मोसम शिकारीला गेलीय, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, लोकांना वाटतं पोराला नेलं, बंदूक दिली, धडाम. तसं नसतं. आम्ही तिला आधी हंटर सेफ्टीचा कोर्स करायला लावला. देखरेखीखाली जाणाऱ्या मुलांना तो सक्तीचा नाही, तरी लावला. चार नियम पोरं पाढ्यासारखे म्हणतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, नळी कायम सुरक्षित दिशेला, नेम कशावर धरलाय आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे नक्की दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही, आणि तोवर बोट चापापासून लांब. तिसऱ्या नियमावर आमच्या मास्तरांनी अख्खा तास घालवला. टेकडीच्या माथ्यावर उभं हरीण म्हणजे मागे आभाळ, गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. सोडून द्यायचं.

पहिले दोन मोसम तिने एकही गोळी झाडली नाही. पहाटे साडेचारला उठायचं, अंधारात मचाणावर चढायचं आणि हलायचं नाही. उजाडताना खारी पाचोळ्यात असा आवाज करतात की दर वेळी हरीणच आलं वाटतं. ज्या मुलीला फोनशिवाय जेवता येत नाही ती चार चार तास गप्प बसली. तिसऱ्या वर्षी एक हरिणी साठ यार्डांवर आडवी उभी राहिली. नवऱ्याने फक्त "तुला वाटलं तर" एवढंच म्हटलं. गोळी खांद्यामागे, फुप्फुसात लागली. पन्नास पावलं पळून पडली. लेक जवळ गेली, मानेवर हात ठेवला आणि ढसाढसा रडली. मग डोळे पुसले आणि पोट साफ करताना मागचे पाय तिनेच धरले. मांस पुढे वर्षभर खाल्लं. खिमा काळ्या मसाल्यात फार छान होतो.

ट्रेमधलं चिकन कधीकाळी जिवंत होतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे ती आपण होऊन शिकली.

सरळसोट

रडली ना? मग तेच. तिच्या आतल्या आवाजाने सांगितलं, तुम्ही तो आवाज खिम्याखाली दाबला.

ओक्लेअरची_मावशी

पुढच्या वर्षी ती "या वेळी नको" म्हणाली आणि आम्ही नेलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी स्वतःच मोजे शोधत आली. दाबायचं असतं तर दोन्ही वेळा दाबलं असतं.

कुडाळी

मावशी, तुमची लेक रडली हे वाचून मला बरं वाटलं. माझं उलट झालं होतं, म्हणून लिहितोय.

१९६८ साल असेल, मी नऊ वर्षांचा. तेव्हा आमच्याकडे पारध व्हायची. पंधरा-वीस माणसं, कुत्रे, दोन-तीन ठासणीच्या बंदुका. बंदुका शेती राखायला म्हणून घेतलेल्या. बंदूकवाले वाटांवर बसायचे आणि बाकीचे डबे वाजवत, हाळी देत रान उठवायचे. पोरं हाकाऱ्यात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डुक्कर उठायच्या ऐवजी भेकर उठलं. ते माझ्यासमोरून गेलं, अगदी या खोलीइतक्या अंतरावरून, आणि मी बोंब मारून ते बंदुकीच्या अंगावर घातलं. बार झाला. मागचा पाय मोडला. कुत्र्यांनी पुढचं केलं.

सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. हाकाऱ्यांचा वाटा म्हणून मला पळसाच्या पानात मांस मिळालं. आईने ते स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडून वेगळ्या टोपात शिजवलं. मी पोटभर खाल्लं आणि गाढ झोपलो. मला काहीच वाटलं नाही. पन्नास वर्षांनी तेच खुपतं. वाईट वाटायला शिकण्याआधीच शाबासकी मिळाली.

त्यामुळे माझं मत 'नको' असंच आहे, पण मुक्या जिवासाठी नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर बापाच्या, आजोबाच्या डोळ्यांत बघून ठरवतं काय चांगलं ते. 'तुला वाटलं तर' म्हटलं तरी त्याला ऐकू येतं 'मार'. सोळा-सतराचा होऊ दे, मग आपल्या मनाने जाईल.

वऱ्हाडी_ठेचा

धागा अमेरिकेचा आहे हे मान्य, तरी एक अवांतर.

तिकडे आजोबा नातीला हरीण मारायला शिकवतात, ते 'कुटुंबाची परंपरा'. सरकार मुलांसाठी मोसमाआधी खास दोन दिवस ठेवतं. आमच्याकडे फासेपारध्यांची पोरं बापाबरोबर माळावर फिरून फास लावायला शिकायची, तितर-लाव्यांचे वेगळे, हरणांचे वेगळे. खुरांच्या ठशावरून कळप कधी गेला ते सांगायची. १८७१ च्या कायद्याखाली अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही बंद झाली.

हरणं वाचायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण सरळसोट, 'आपली माणसं' मुंगीला साखर घालणारी असं लिहिता, तेव्हा 'आपली'त कोण कोण धरलंय तेही सांगा.

सरळसोट

विषयाला फाटे फोडू नका.

आकडेमोड

फाटा नाही, मुद्दा आहे. असो.

भावना ठेवून जरा हिशोब बघू. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आत उरली होती, बाजारासाठी बेसुमार मारल्यामुळे. आज ती तीन कोटींच्या आसपास आहेत. त्यामागे परवाने आणि ठरलेले मोसम आहेत, आणि १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदाही. रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. लांडगे आपण संपवले किंवा हाकलले, मग हरणं आवरणार कोण? ती कोवळी झाडं वाढूच देत नाहीत आणि रात्री गाडीसमोर येतात. शिकारी म्हातारे होत चाललेत, म्हणून सरकार लहान मुलांमागे लागलंय. उद्या हे काम करायला माणसं लागणार आहेत.

रानवाट

आकडेमोड, हा अर्धाच हिशोब झाला. संख्या कमी करायची तर माद्या मारायला हव्यात. एक नर दहा माद्यांना पुरतो. पण दिवाणखान्यात टांगतात ती शिंगं, आणि पोराचा फोटो काढतात तोही शिंगं धरून. निसर्गाचा समतोल राखायलाच जात असाल तर टोकं मोजून मोठ्याने का सांगता? आणि 'सरकारला माणसं लागतात' म्हणून माझ्या मुलाने जायचं, हे काही पटत नाही.

मावशींच्या लेकीने शिंगांच्या मागे न लागता हरिणी मारली, तेवढ्यापुरता त्यांना माझा नमस्कार.

औषधाची_बाटली

मत देत नाही, पेशाने डॉक्टर आहे म्हणून दोन गोष्टी सांगते. शिशाची गोळी आत फुटते आणि डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बरेच लांब जातात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटात गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने थांबवलं होतं. लहान मुलं आणि गरोदर बायका खाणार असतील तर तांब्याची गोळी वापरायला सांगा आणि जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने काढून टाका.

दुसरं, सीडब्ल्यूडी. हरणांच्या मेंदूचा रोग, विस्कॉन्सिनमध्ये २००२ पासून आहे. शिजवून जात नाही. माणसाला झाल्याचं अजून सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नका असंच आरोग्य खाती सांगतात. तपासणीसाठी डोकं द्यायची सोय असते. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरमध्ये वेगळी ठेवा.

बर्फातला_बाबा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आजोबांकडे गेलो होतो, चिरंजीवांना घेऊन. म्हटलं, त्यालाच विचारू. तो बराच वेळ बुटाच्या नाडीशी खेळत बसला. मग मला मराठीत, हळूच: "मी नाही मारलं तर आजोबा रागावतील?"

कुडाळी काका, तुमचाच प्रतिसाद आठवला.

आजोबांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन कॉफी घेऊन आले आणि म्हणाले, माझ्या बापाने मला बारा वर्षांचा असताना नेलं, मी हरीण चुकवलं आणि तो तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाले, पोराचा परवाना काढू नकोस. नुसतं येऊन बसू दे. तूही ये.

तर यंदा आम्ही दोघं जातोय, बंदुकीशिवाय. काही पडलंच तर ओढायला मदत करू. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. बायको हसतेय, म्हणते, "तुलाच न्यायला हवं होतं, त्याला नाही."

सरळसोट

म्हणजे शेवटी गेलातच.

कुडाळी

जाऊ दे हो. बंदूक नाही ना. बाबा, काही पडलं तर पोराची पाठ थोपटू नका आणि रागेही भरू नका. तो काय करतो ते नुसतं बघा. परत आल्यावर इथे लिहा, मी वाट बघतोय.

ओक्लेअरची_मावशी

बंदूक नसली तरी भगवं जाकीट आणि टोपी दोघांनाही, विसरू नका. एकावर एक दोन मोजे चढवू नका, बूट आवळतो आणि पाय गारठतात. एकच लोकरी जोड घ्या. ऊब देणारी पाकिटं (हँड वॉर्मर) बुटात आणि खिशात. आणि चिवडा नेऊ नका. पिशवी वाजते.