मदत हवी आहे : आमच्या कुत्र्याने सिलिंडरवाल्या दादांना चावलं, आता नेमकं काय काय करायचं?

शेवंती :

नमस्कार मंडळी. घाईत लिहिते आहे, पण जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

काल सकाळी गॅसचे नेहमीचे दादा आले होते. आमची तीन मजल्यांची लहान सोसायटी, आम्ही तळमजल्यावर. सोन्या, आमचा चार वर्षांचा देशी कुत्रा, जिन्याखाली झोपला होता. दादांनी भरलेला सिलिंडर खांद्यावरून उतरवला आणि तिरका करून गरगर फिरवत आणला. तो पायरीवर आपटून खणकन आवाज झाला आणि सोन्याने दचकून उठून थेट त्यांची पोटरी धरली. लगेच सोडली, पण दोन दात चांगले रुतले. पँट फाटली, रक्त आलं. आजवर त्याने कुणाला साधं दातही लावले नव्हते.

दादांना मोरीत बसवून साबण लावून जखम बराच वेळ नळाखाली धुतली. "वहिनी, तिखट भरा, विष उतरतं," असं ते सारखं म्हणत होते, ते मी करू दिलं नाही. सासऱ्यांनी त्यांना गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन आणि दोन्ही दंडांत कुत्र्याची लस दिली, केसपेपरवर पुढच्या तीन तारखा लिहून दिल्या. जखमेत मात्र काही दिलेलं नाही.

आता दादा म्हणतात, "तुमचा कुत्रा घरचा, त्याला लस दिलेली, मग मला कशाला पुढची इंजेक्शनं? दर तारखेला रोज बुडतो. दोन हजार द्या, विषय संपला." घरातही हाच सूर आहे की पैसे देऊन मोकळे व्हा आणि सोन्याला गावी शेतावर सोडून या. सोसायटीच्या ग्रुपवर तर आठवड्यात कुत्रा हलवा म्हणून मेसेज आलाय. सोन्याच्या लसीचं कार्ड पुढच्या महिन्यापर्यंत चालू आहे. आत्ताच पुढची लस टोचून घेऊ का? पोलिसांत जावं लागेल का? दादांच्या घरी दोन लहान मुलं आहेत. मला खरी काळजी त्यांची वाटते.

जुनी_सिस्टर :

ताई, जखम धुतली आणि तिखट भरू दिलं नाही, हे फार चांगलं केलंत. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा असं आम्ही ओरडून सांगायचो. तिखट, चुना, हळद यांनी जखम चिघळते, दुसरं काही होत नाही.

पण तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट खटकली, ती आधी बघा. दात रुतून रक्त आलंय म्हणजे ही तिसऱ्या श्रेणीची जखम. नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत असेल तर पहिली, रक्त न येता ओरखडा उठला तर दुसरी. तिसऱ्या श्रेणीत दंडातली लस एकटी पुरत नाही, जखमेत आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन सोडावं लागतं. लसीमुळे अंगात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारे घटक, तयार व्हायला एक-दोन आठवडे जातात. मधल्या काळात विषाणूला जखमेतच अडवायचं असेल तर तयार प्रतिपिंडं तिथेच घालावी लागतात. याला मुदत आहे : लसीचा पहिला डोस घेतल्यापासून सात दिवस. त्यानंतर देत नाहीत. तेव्हा उद्यावर टाकू नका.

मात्रा वजनावर ठरते. घोड्यापासून बनवलेलं असेल तर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर २०. दादा ६० किलोचे असतील तर २४०० किंवा १२००. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेलं मोनोक्लोनल प्रकारचं, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शनही याच कामाला चालतं. तालुक्याला शिल्लक नसेल तर जिल्ह्याच्या सिव्हिलला आधी फोन करा आणि मगच निघा, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. जखम घट्ट बांधू नका. टाके घालायची घाई कुणी केली तर कुत्रा चावल्याचं आवर्जून सांगा.

कुत्र्याच्या लसीचं कार्ड चांगलं असलं तरी त्यावर विसंबून माणसाची इंजेक्शनं चुकवायची नसतात. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. दोन्ही दंडांत कातडीत थोडं थोडं दिलंय म्हणजे वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ दिवसांचं. काल दिलं तो शून्यावा दिवस. दादांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती असेल तर सांगा, ती जुनी लस केव्हाच बंद झाली.

गोठा_ते_दवाखाना :

मी पशुवैद्यक आहे. सोन्याला शेतावर अजिबात पाठवू नका. हे सोन्यापेक्षा दादांसाठी सांगतोय.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो लक्षणं दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. म्हणजे चावताना लाळेत विषाणू असता तर पुढच्या दहा दिवसांत कुत्रा आजारी पडणार किंवा मरणार, यातून सुटका नाही. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर त्या चाव्यातून रेबीजची भीती उरत नाही. इतकी पक्की खात्री दुसऱ्या कशाने मिळत नाही. शेतावर सोडलेला कुत्रा चार दिवसांनी दिसेनासा झाला, तर तो मेला की वाट चुकला हे दादांच्या डॉक्टरांना कोण सांगणार?

तेव्हा दहा दिवस घरात किंवा गॅलरीत, दोरीवर किंवा दार लावून. खायला घालणारं माणूस एकच ठेवा. खाणं कमी झालं, पाणी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटले, अंधारात तोंड घालून बसू लागला, दगड-लाकूड चावू लागला, तर यातलं एकही दिसलं की मला किंवा तुमच्या डॉक्टरांना फोन आणि त्याच दिवशी दादांच्या दवाखान्यातही निरोप. या दहा दिवसांत त्याला रेबीजची लस देऊ नका. लसीने एखादं जनावर मलूल होतं, मग ते लसीमुळे की आजारामुळे हे ओळखता येत नाही. कार्ड चालू आहे, अकराव्या दिवशी द्या. कुणी मागची तारीख घालून कार्ड करून देतो म्हणालं तरी नको. त्या कागदावर माणसाच्या उपचाराचा निर्णय होतो.

आणि त्याला मारू नका. झोपेतून दचकून चावला हे स्पष्ट आहे, पण चार वर्षांत कधी न चावलेला कुत्रा चावतो तेव्हा मी कान आणि कंबर तपासतोच. कानात पू असेल तर खणखणीत आवाज असह्य होतो. तुम्ही त्याचा कान चोळलात तर मान झटकतो का ते बघून ठेवा. जाळीची मुसकी आणून ठेवा, ज्यात त्याला धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल अशी. पट्टीने तोंड आवळणारी नको.

काळा_डगला :

कायद्यापुरतं सांगतो. पाळीव जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये इतकी काळजी मालकाने घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेचं कलम २८९ होतं. तक्रार करायची की नाही हा दादांचा हक्क आहे. त्यांना त्यापासून परावृत्त करू नका, तसा भासही होऊ देऊ नका. तुम्ही लगेच दवाखान्यात नेलंत, खर्च उचलताय, याला अशा प्रकरणात वजन असतं. जे पैसे द्याल ते यूपीआयने द्या, कशाचे ते लिहा, बिलांचे फोटो ठेवा. "विषय संपला" म्हणून एकरकमी देणं मला पटत नाही, कारण उपचार अजून संपलेले नाहीत.

सोसायटीला ठराव करून कुत्रा काढायला लावता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय. पण जिन्याखालची जागा सामाईक आहे. तिथे तो मोकळा झोपणार नाही आणि घराबाहेर दोरीशिवाय येणार नाही, एवढं सोसायटीला स्वतःहून लेखी द्या. मागणी रास्त आहे त्यांची.

चाकावरचा_माणूस :

मी स्वतः घरपोच सामान देण्याचं काम करतो, म्हणून दादांच्या बाजूने बोलतो. तारखेला न जाण्यामागे हट्ट नसतो. सकाळी केसपेपरची रांग, मग इंजेक्शनची रांग, दुपार उलटते. त्या दिवसाचा खाडा, वर मुकादमाची बोलणी. दोन हजार त्यांनी औषधाला मागितले नसतील, बुडालेल्या रोजाचे मागितलेत. तुम्ही प्रत्येक तारखेचा रोज त्या त्या दिवशी हातात द्या, जायला-यायला गाडी द्या, आणि त्यांच्या मालकाशी तुम्ही बोला. तुमच्यासारख्या ग्राहकाचा फोन गेला की सुट्टी मिळते. आणि फाटलेली पँट भरून द्या, ती राहून जाते.

शेवंती :

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाचून त्याच दुपारी जिल्ह्याच्या सिव्हिलला फोन लावला, होतं त्यांच्याकडे. आधी चाचणीचं बारीक टोचून अर्धा तास थांबवलं, मग जखमेच्या कडेकडेने सुई घातली. दादांनी माझ्या सासऱ्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता, घामाघूम झाले होते. परतताना त्यांच्या घरी गेलो. वहिनींना केसपेपर दाखवून तारखा समजावल्या, त्यांनी त्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवल्या. रोजाचं आणि गाडीचं ठरलं. एजन्सीच्या मालकांशी मी बोलले, पँटचंही केलं.

सोन्या गॅलरीत आहे, नीट जेवतो. डावा कान चोळला की मान झटकतो, डॉक्टरांना उद्या घरीच बोलावलंय. घरचे आता शेताचं नाव काढत नाहीत. सोसायटीला पत्र दिलं, एकजण अजून नाराज आहेत, त्यांच्याशी समोरासमोर बोलेन.

एकच शंका. दहा दिवसांनी सोन्या ठणठणीत असेल, तर दादांनी २८ व्या दिवसाचं इंजेक्शन घ्यायचं का?

जुनी_सिस्टर :

घ्यायचं. दादा रोज नव्या दारांत जातात, कुठे ना कुठे कुत्रा असणारच. कोर्स पूर्ण केलेल्या माणसाला पुन्हा कधी कुत्रं चावलं, तर शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी अशा दोनच वेळा लस लागते आणि जखमेतलं ते दुखरं इंजेक्शन लागत नाही. मात्र त्यासाठी कोर्स झाल्याचा कागद दाखवावा लागतो. केसपेपरचा फोटो त्यांच्या, वहिनींच्या आणि तुमच्याही मोबाइलमध्ये ठेवा.