सॉफ्ट शॅकल काळ्या मातीत नि गिरणेच्या वाळूत टिकते का?

गिरणाकाठ
बोलेरो आहे, सामानासकट दोन टन धरा. पावसाळ्यात कपाशीच्या शेतरस्त्यावर रुतते, उन्हाळ्यात गिरणेच्या वाळूत. आत्ता पाऊण इंची लोखंडी शॅकल (ओढायचा पट्टा हुकाला जोडायची कडी) आहे. १० मिमीची सॉफ्ट, म्हणजे एका टोकाला फास नि दुसऱ्याला गाठ असलेली वेणीच्या दोरीची, घ्यायचा विचार आहे, पाकिटावर '१० टन ब्रेकिंग' लिहिलंय. पुरेल का? पुढच्या हुकात थेट घातली तर चालते का?

कानसवाला
१० टन हा तुटायचा आकडा आहे भो. तुमच्या लोखंडीवर कोरलेले ४.७५ टन हे कामाचं वजन. दोन्ही शेजारी ठेवून बघू नका. सॉफ्टचा आकडा निदान तीनने भागा, म्हणजे साधारण ३.३ टन. चाक रिंगपर्यंत रुतलं तर ओढ गाडीच्या वजनाइतकी धरायची, चेसिस टेकली तर दुप्पट, म्हणजे चार टन. काळ्या मातीत चेसिस टेकतेच. म्हणून आधी फावडं, चाकांपुढची माती काढा, मग दोरी. सॉफ्ट शॅकल १० मिमीहून जाड मिळाली तर तीच घ्या.

हुकाचं म्हणाल तर कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर दोरीही कापली जाणार. प्लेट कापून केलेल्या हुकाच्या भोकाची कड धारदारच असते. ती कानशीने गोल करा, वर पॉलिश पेपर मारा. बंपरखालची बारीक कडी पुष्कळदा गाडी ट्रकवर बांधण्यापुरतीच असते, तिला झटका देऊ नका. टो बॉलला (मागे ट्रॉली जोडायचा गोळा) तर कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा उडतो.

तापीकाठ
बांधण्यातही चुकतं. फास चिमटून मोठा करायचा, गाठ पूर्ण पलीकडे काढायची, मग फास गाठीच्या मानेशी घट्ट ओढून बसवायचा. फास सैल राहिला तर ताण येण्याआधी पट्टा हलतो तेव्हा गाठ निसटते. गाठ हुकाच्या वळणावर किंवा पट्ट्याच्या फाशावर नको, बाजूला मोकळी राहू द्या. ताण आला की गाठ आणखी आवळते, त्यामुळे नवी शॅकल एकदा हलक्या ओढीने बसवून घ्यावी.

कानसवाला
जळगाव-भुसावळची ४५ अंशाची उष्णता तिला काही करत नाही, सायलेन्सरची करते. तिचा धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो, आणि ताकद त्याच्या बरीच आधी कमी होते. घर्षणानेही तेच होतं. विंचची (दोरी गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) दोरी शॅकलमधून सरकवून दिशा बदलायची नाही, त्यासाठी रिंग किंवा पुली लावा.

गिरणाकाठ
चिखल आणि वाळूचं काय? आणि दोन पट्टे जोडायला चालेल?

तापीकाठ
जोडायला हीच बरी. पट्टा तुटला तरी सव्वा किलोचं लोखंड काचेकडे येत नाही. तरी पट्ट्यावर गोणपाट टाका नि माणसं दूर ठेवा.

ओल्याने ताकद जात नाही, वाळूने जाते. कण आत शिरून धागे आतून कातरतात. साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून वेणी पुढे-मागे ढिली करत धुवा, सावलीत वाळवा. वाळल्यावर वाकवून बघा. कुरकुर आली तर पुन्हा धुवा. बाहेरून थोडी लव उठली तर घाबरू नका. पण वेणीतला एखादा पेड तुटलेला दिसला, किंवा कुठे चकचकीत, कडक डाग लागला (तिथे धागा वितळलाय), तर ती शॅकल ताडपत्री बांधायला ठेवा.