पॅकर्स-मूव्हर्सच्या कोटेशनमधले शब्द कुणी नीट समजावून सांगेल का? (गिरगाव ते मुलुंड)

गिरगावची_लेक

नमस्कार मंडळी. आईबाबांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये, पुढच्या महिन्यात जागा खाली करून द्यायचीये आणि नवीन घर मिळेपर्यंत मुलुंड पूर्वेला भाड्याने फ्लॅट घेतलाय. गिरगावात तिसरा मजला, लिफ्ट नाही, लाकडी जिना, आणि टेम्पो वाडीच्या तोंडापर्यंतच येतो, आत येत नाही. सामान म्हणाल तर वन बीएचकेचंच पण जुन्या घराचं, म्हणजे गोदरेजची दोन कपाटं, शिसवी पलंग, देव्हारा, आजीच्या वेळच्या चिनी मातीच्या बरण्या, पितळेची भांडी, वरती फ्रीज वॉशिंग मशीन वगैरे.

तीन जणांकडून भाव काढलाय. एक जण फोनवरच म्हणाला सगळं मिळून १४ हजार, लेखी काही नाही. दुसऱ्याने १९,५०० प्लस जीएसटी लिहून दिलंय आणि खाली बारीक अक्षरात "एफओव्ही ३ टक्के, गुड्स ॲट ओनर्स रिस्क, डिटेन्शन ॲज ॲप्लिकेबल" असं आहे. तिसरा घरी येऊन सामान बघून गेला, त्याचं सीएफटीवर २२ हजार होतंय, त्यात फ्लोअर चार्ज आणि लाँग कॅरी वेगळं दाखवलंय आणि एका ओळीत "टोल, ऑक्ट्रॉय ॲट ॲक्चुअल". बाबा म्हणतात १४ वाल्याला सांगून टाक. पण मला आधी हे कळायला हवं की मी नेमके कशाचे पैसे देतेय, नाहीतर ऐनवेळी सामान टेम्पोत आणि आम्ही रस्त्यावर वाद घालत उभे असं नको. आईला बीपी आहे.

कळंबोली_बिलिंग

ताई, मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बरीच वर्षं बिलिंग केलंय, जमेल तेवढं सांगतो. पहिली गोष्ट, तिसरा माणूस घरी येऊन सामान बघून गेला ना, त्याला म्हणतात सर्व्हे, आणि तुमच्यासारख्या घराला सर्व्हे न करता भाव सांगणारा माणूस एकतर जिना विसरलाय किंवा जिन्याचे पैसे नंतर मागणार आहे. १४ हजार हा भाव लिफ्टवाल्या बिल्डिंगचा वाटतो मला.

सीएफटी म्हणजे क्युबिक फूट, सामान गाडीत किती जागा खातं त्याचं माप. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं फुटात. तुमचं गोदरेजचं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल धरलं तर साधारण २९ सीएफटी होतं. असं एकेक वस्तूचं करून बेरीज करतात आणि त्यावरून गाडी ठरवतात. गाडी १४ फुटी म्हणाले तर ती हौद्याची लांबी असते, आणि छोटा हत्ती म्हणाले तर त्याचा हौदा सात फुटांच्या आसपास, त्यात तुमचं सामान एका फेरीत जाणार नाही. म्हणून कोटेशनवर गाडीचा प्रकार आणि किती फेऱ्या हे दोन्ही लिहून घ्या. पलंग खोलून नेणार असतील तर सीएफटी खोललेल्या पलंगाचा लावायला सांगा, उभ्या पलंगाचा नाही, इथे बराच फरक पडतो.

लाँग कॅरी म्हणजे गाडी उभी राहते तिथपासून घरापर्यंत सामान हाताने वाहायचं अंतर. तुमच्या वाडीत हे लागणारच, तो माणूस खोटं लावत नाहीये, उलट त्याने आधीच लिहिलं हे चांगलं केलं. फ्लोअर चार्ज म्हणजे लिफ्ट नसेल तर मजल्यागणिक जादा हमाली. काही जण पहिला मजला धरत नाहीत काही धरतात, तर "तिसरा मजला, जिन्याने, सर्व सामान" असं स्पष्ट लिहून घ्या. आणि मुलुंडला लिफ्ट मोठी नसेल तर कपाटं तिथेही जिन्यानेच जाणार, मग उतरवतानाचा फ्लोअर चार्ज वेगळा मागतील. आधी मोजून या.

डिटेन्शन म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, कुणी हॉल्टिंग म्हणतं कुणी वेटिंग. "ॲज ॲप्लिकेबल" लिहिलेलं मला अजिबात चालत नाही, किती तास फुकट आणि त्यानंतर तासाला किती ते आकड्यात पाहिजे.

ऑक्ट्रॉय बघून तर वाईट वाटलं. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच बंद झाली. जुना फॉर्म तसाच छापत असतील, पण ती ओळ खोडून सही घ्या. टोलचंही तसंच, गिरगावातून मुलुंड पूर्वेला जाताना टोलनाका लागतच नाही, आनंदनगरचा नाका त्याच्या पुढे ठाण्याच्या वेशीवर आहे.

पॉलिसी_आणि_पावती

वरच्या दादांनी छान सांगितलंय, पण ज्या एका शब्दावर सगळ्यात जास्त लोक फसतात तो राहिला, एफओव्ही. कळकळीने सांगते, हे नीट वाचा.

एफओव्ही म्हणजे फ्रेट ऑन व्हॅल्यू. तुम्ही सामानाची किंमत जाहीर करायची आणि त्याच्या काही टक्के रक्कम कंपनीला द्यायची, बदल्यात कंपनी म्हणते नुकसान झालं तर आम्ही बघू. हा इन्शुरन्स नाही. हे पैसे त्यांच्याच खिशात राहतात, विमा कंपनीपर्यंत जातच नाहीत, आणि क्लेम द्यायचा की नाही तेही तेच ठरवणार. ट्रान्झिट इन्शुरन्स हा वेगळा प्रकार, तो विमा कंपनीच देऊ शकते, त्याला पॉलिसी नंबर असतो किंवा मूव्हरने सगळ्या फेऱ्यांसाठी एकदाच काढलेल्या ओपन पॉलिसीखाली सर्टिफिकेट मिळतं, त्यावर तुमचं नाव, सामानाची रक्कम, कुठून कुठे हे सगळं असतं. मूव्हरने बोलताना "इन्शुरन्स तीन टक्के" म्हटलं आणि कागदावर एफओव्ही लिहिलं तर सरळ विचारायचं, विमा कंपनी कोणती, सर्टिफिकेट गाडी निघायच्या आधी मिळणार का. उत्तर गोलगोल आलं की समजायचं. तुमच्या सामानाची किंमत तीन लाख धरली तर तीन टक्क्यांनी ९ हजार होतात ताई, एवढे पैसे नुसत्या तोंडी भरवशावर देऊ नका.

विमा खरा असला तरी कव्हर काय आहे ते विचारा. एक असतं नुसतं अपघात, आग, गाडी उलटणं एवढ्यापुरतं, आणि दुसरं ऑल रिस्क, ज्यात चढवता-उतरवताना पडलं-फुटलं तेही येऊ शकतं. तुमच्या लाकडी जिन्याला दुसराच उपयोगाचा, कारण मुंबईतल्या मुंबईत वस्तू रस्त्यात कमी आणि जिन्याच्या वळणावर जास्त फुटतात. दागिने, रोख, कागदपत्रं कुठल्याच कव्हरमध्ये धरत नाहीत, ती स्वतःच्या पिशवीत.

"ओनर्स रिस्क" म्हणजे नुकसान झालं तर मालकाची जबाबदारी असं छापलेलं असतं. पण छापलं म्हणून ते सुटले असं होत नाही. कॅरेज बाय रोड ॲक्ट २००७ प्रमाणे माल वाहणाऱ्याची जबाबदारी असते आणि त्याचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करत बसावा लागत नाही. फक्त त्याला मर्यादा आहे, जास्त जोखमीचा दर (म्हणजे जास्त जबाबदारी घ्यायला तो लावतो ते जादा भाडं) भरला नसेल तर नियमात भाड्याच्या दहापट एवढीच भरपाई धरलीये. म्हणून भाडं आणि पॅकिंग वेगवेगळं दाखवलंय का ते बघा, कारण बिल २० हजारांचं आणि त्यात भाडं फक्त ५ हजार असेल तर ती मर्यादा ५० हजारांवर येते. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत द्यावी लागते, फोनवर भांडलेलं त्यात मोजत नाहीत.

अंधेरी_लोकल

मला नाही वाटत एवढं सगळं लागतं. गिरगाव ते मुलुंड म्हणजे तासा-दीड तासाचं काम आहे, आपणच टेम्पोच्या मागे टॅक्सीने जायचं, सामान डोळ्यासमोर असतं. आम्ही एफओव्ही पण नाही घेतली आणि इन्शुरन्स पण नाही, तेच पैसे चांगल्या पॅकिंगला दिले. पॅकिंगमध्ये काय वापरणार ते मात्र विचारा, फर्निचरला आधी फोम शीट मग पुठ्ठ्याचा रोल आणि वरून स्ट्रेच फिल्म असं तीन थर पाहिजेत, नुसती स्ट्रेच फिल्म गुंडाळली तर पॉलिश खरवडतंच.

पॉलिसी_आणि_पावती

@अंधेरी_लोकल हो, लोकल शिफ्टिंगला विमा नाही घेतला तरी चालू शकतं, त्यात काही चूक नाही. माझं म्हणणं एवढंच की एफओव्हीचे पैसे देऊन आपण विमा घेतलाय असं समजू नये. घ्यायचा तर खरा घ्या, नाहीतर त्या ओळीवर काट मारून घ्या.

मुलुंड_पूर्व_कमिटी

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीत आहे, मुलुंडच्या बाजूचं सांगते. बहुतेक सोसायट्या भाडेकरू येताना लिव्ह अँड लायसन्सची कॉपी, पोलीस व्हेरिफिकेशनची पावती आणि मालकाचं पत्र मागतात, ते आधी ऑफिसात दिल्याशिवाय वॉचमन गाडी आत घेत नाही. पुष्कळ ठिकाणी शिफ्टिंगच्या वेळा ठरलेल्या असतात, दुपारी बंद, रविवारी बंद, आणि लिफ्टला प्लायवूड किंवा गादी लावल्याशिवाय सामान चढवू देत नाहीत. मूव्हरची गाडी आली आणि सोसायटीने दोन तास थांबवली तर डिटेन्शन तुमच्या डोक्यावर बसतं, मूव्हरच्या नाही. म्हणून आधी सोसायटीत विचारा आणि मग गाडीची वेळ ठरवा. मोठ्या गाड्यांना मुंबईत गर्दीच्या वेळी रस्त्यांवर बंदी असते तेही मूव्हरला विचारून घ्या, १४ फुटी असेल तर तो बहुतेक पहाटेच या म्हणेल.

आणि एक, रिडेव्हलपमेंट आहे तर बिल्डरच्या ॲग्रीमेंटमध्ये शिफ्टिंग चार्जेस बघितले का? बऱ्याच ॲग्रीमेंटमध्ये भाड्याबरोबर शिफ्टिंगची ठरावीक रक्कम असते, काही ठिकाणी जाताना आणि परत येताना दोन्ही वेळची. बाबांना कमिटीत विचारायला सांगा.

कळंबोली_बिलिंग

अजून एक राहिलं, इन्व्हेंटरी. पॅकिंग झालं की बॉक्सना नंबर टाकतात आणि यादी करतात, त्यावर तुमची सही घेतात. त्या यादीत वस्तूंच्या पुढे बारीक कोड असतात, स्क्रॅच, डेंट, चिप्ड अशासाठी, आणि काही सुपरवायझर सरसकट सगळ्यालाच "ओल्ड, स्क्रॅच्ड" मारून ठेवतात. तुमच्या शिसवी पलंगापुढे असं लिहिलेलं असताना सही केली की उद्या पाय मोडला तरी ते म्हणणार आधीपासूनच होता. सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कपाटाच्या आरशाचा जवळून काढा. उतरवून झाल्यावर "रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन"वर पण घाईने सही नको, जे दिसतंय ते तिथेच लिहा.

एलआर म्हणजे लॉरी रिसीट, त्यालाच बिल्टी म्हणतात, माल ताब्यात घेतल्याची पावती. लोकलला बरेच जण देत नाहीत पण मागा, निदान कंपनीच्या लेटरहेडवर गाडी नंबरसकट पावती घ्या. पार्ट लोड किंवा शेअरिंग हा शब्द पुणे-नागपूर-बंगलोरसाठी, एका गाडीत दोन-तीन घरांचं सामान, तुम्हाला त्याचा संबंध नाही. ई-वे बिलाचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका, वापरलेल्या घरगुती सामानाला ते लागत नाही.

जीएसटी लावणार असेल तर बिलावर जीएसटी नंबर हवा, १५ अक्षर-आकड्यांचा, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कंपनीचं नाव फुकटात दिसतं. मोठ्या कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊन बरेच जण फिरतायत, तिथेच कळतं खरं कोण ते. ॲडव्हान्स टोकनपुरताच द्या, बाकीचे सामान वर चढल्यावर.

गिरगावची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. तिसऱ्याला फोन केला, ऑक्ट्रॉय-टोलची ओळ काढून नवीन कोटेशन पाठवतो म्हणाला, गाडी १४ फुटी, एकच फेरी, तीन तास वेटिंग फुकट असं लिहून देणार आहे. १४ हजारवाल्याला "तिसरा मजला जिन्याने, वाडीतून चालत" असं लिहून द्या म्हटलं तर तो एकदम १८ वर गेला आणि जीएसटी वेगळा. बाबांनी ते ऐकलं आणि गप्प झाले. बिल्डरच्या ॲग्रीमेंटचं आज संध्याकाळी बघतायत.

एक शेवटचं विचारते, आई म्हणते बरण्या मी स्वतःच भरणार, त्या मुलांच्या हातात नाही द्यायच्या. चालेल ना?

पॉलिसी_आणि_पावती

चालेल, पण आईंनी भरलेल्या बॉक्सवर ते "पीबीओ" लिहितील, म्हणजे पॅक्ड बाय ओनर, आणि त्या बॉक्समध्ये काही फुटलं तर विमा असो नाहीतर एफओव्ही, बहुतेक क्लेम नाकारतातच. त्यामुळे दोन मार्ग आहेत. एकतर पॅकिंगवाल्याने आईंच्या समोर बसून भरायच्या, झाकण वेगळं गुंडाळून, बरणी उभी, मधे पुठ्ठ्याचे कप्पे करून. नाहीतर आईंनी भरायच्या आणि तो बॉक्स गाडीत न देता टॅक्सीत मांडीवर घेऊन जायचा. जुन्या बरण्यांचं पैशात मोल होत नाही, मी असते तर दुसरंच केलं असतं. लोणचं असेल तर आधी काढून ठेवा, भरलेली बरणी कुठलाच मूव्हर घेत नाही.

मुलुंड_पूर्व_कमिटी

आणि वॉशिंग मशीन फ्रंट लोड असेल तर ट्रान्झिट बोल्ट शोधून ठेवा, मशीन घेतलं तेव्हा मागचे काढून पिशवीत दिलेले असतात. ते न लावता नेलं तर आतला ड्रम हादरतो आणि त्याची भरपाई कुणी देत नाही. फ्रीज आदल्या रात्री बंद करून पाणी काढून टाका आणि नेताना उभाच ठेवायला सांगा, पोहोचल्यावर लगेच चालू करू नका, काही तास तसाच राहू द्या.