अनुभव धागा : कुंडीतलं बोन्साय नेमकं कोणत्या झाडाचं?

सातारा-सांगलीकडच्या मंडळींनो, नावाची चिठ्ठी नसलेलं बोन्साय तुम्ही कशावरून ओळखता? जात कळल्याशिवाय पाणी, ऊन, छाटणी काहीच ठरवता येत नाही, म्हणून खुणा नेमक्या लिहा.

वाईकर : पान केवढं आहे ते आधी विसरा. उथळ कुंडी आणि वरचेवर छाटणी, यांमुळे तळहाताएवढं पान दोन बोटांवर येतं. बदलत नाही ती पानांची मांडणी, शिरा आणि टोक. पिंपळाचं पान कितीही लहान झालं तरी त्याची शेपटी राहते. पायरीचं (हे पिंपळाच्याच कुळातलं झाड) टोक आखूड असतं. वाड्यांच्या भिंतीतून काढलेल्या रोपांत ही दोन हमखास एकमेकांच्या नावावर खपतात. तरीही अडलं तर पावसाळ्यात एक फांदी दोन महिने छाटू नका. वीतभर वाढली की खरं पान दिसतं.

कराडकर : देठ खुडून बघा. पांढरा चीक आला म्हणजे वड-पिंपळाचंच कूळ असं नाही, चीक देवचाफ्यालाही (खुरचाफा) असतो. दुसरी खूण भिंगातून बघायची: देठाच्या बुडाशी फांदीला पूर्ण वेढणारी बारीक गोल रेघ. कोवळा कोंब झाकणारं टोपण गळून पडतं, त्याचा तो वण. देवचाफ्याला अशी रेघ नसते. चीक आणि रेघ दोन्ही असली की बहुतेक वेळा फायकसच, म्हणजे वड-पिंपळाचं कूळ (फणसालाही दोन्ही असतात, पण त्याचं बोन्साय क्वचित). चिकाचा हात डोळ्याला लावू नका, आणि ओळख पटवायला पान चावून तर मुळीच बघू नका.

मिरजकर : नर्सरीत नुसतं ‘फायकस’ म्हणून मिळतं ते बहुधा नांदरुक किंवा बेंजामिना. नांदरुकाचं पान जाडसर, टोक आखूड. बेंजामिनाचं पातळ, टोक लांब निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या. जागा बदलली की बेंजामिना पानं गाळतो. मातीवर रताळ्यासारखी फुगीर मुळं दिसली तर नांदरुक.

सांगलीकर : चीक नसेल तर पान उजेडासमोर धरा. सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके, चुरडल्यावर लिंबाच्या पानासारखा वास आणि एका देठावर एकाआड एक पर्णिका (छोटी पानं) म्हणजे कामिनी. पान खरखरीत, वर पांढरे ठिपके, टोकाला दातरे असतील तर फुकियन टी. जेडमध्ये (जाड, रसाळ पानांचं झुडूप) घोळ फार: नखाएवढी गोल पानं आणि तांबूस फांदी ही पोर्चुलाकारिया, पान त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि कोवळी फांदी हिरवी गुबगुबीत असेल तर क्रासुला.

वाईकर : इथे ओळख विचारताना चार फोटो टाका: अख्खं झाड, पानाची वरची बाजू, खालची बाजू, आणि देठ फांदीला मिळतो ती जागा जवळून. शेवटचाच सगळे विसरतात. पानाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा.