बेटावरची हवा: चोडण, दिवाडी, जुव्यावाल्यांनो, आपापले अनुभव लिहा

गोव्याबाहेरच्या लोकांना गोवा म्हटलं की फक्त बीच आठवतो. मांडवीच्या पात्रात आमची बेटं आहेत, चोडण, दिवाडी, जुवें म्हणजे सांतेस्तेव, कुंभारजुवें, छोटंसं वांशी, आणि तिथे हवा फिरली की अख्खा दिवस फिरतो, ऑफिस, शाळा, डॉक्टर, बाजार सगळं. मी दिवाडीची. आमच्याकडे आजही पूल नाही, जुन्या गोव्याहून, रायबंदरहून नाहीतर नार्व्याहून फेरीबोट पकडायची. जूनमध्ये कितीदा असं होतं की फेरीत चढताना लख्ख ऊन असतं आणि नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत समोरचा धक्का दिसेनासा होतो. मला सगळ्यांकडून हे वाचायचंय की तुम्ही हवा कशावरून ओळखता आणि मग काय करता. मोबाइलवर रेड अलर्ट येतो, २४ तासांत २०४ मिमीच्या वर पाऊस पडू शकतो हे त्यातून कळतं, पण तो अलर्ट अख्ख्या उत्तर गोव्याला एकच. तो पाऊस भरतीला पडणार की ओहोटीला हे त्यात कुठे असतं? आणि आपल्याला तर तेच कळायला हवं.

चोडण, खाजनातली शेती

ताई बरोब्बर बोललीस. पावसाला आम्ही घाबरत नाही, पाऊस आणि उधाण एकत्र आले की घाबरतो. आमचं शेत खाजनात, म्हंजे नदीच्या भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मध्ये मातीचा बांध, बांधाबाहेर खारफुटी, आणि बांधात मानस. मानशीची लाकडी दारं अशी बसवलेली असतात की भरतीचं पाणी दाबलं की आपोआप बंद होतात आणि ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूला उघडतात, वीज नको काही नको, पिढ्यानपिढ्या हेच चालू आहे. पण नदी फुगलेली असली की ओहोटीलाही बाहेरचं पाणी उतरत नाही, मग दार उघडणार कसं, आणि आतलं पावसाचं पाणी तसंच तुंबून राहतं.

२३ जुलै २०२१ आठवतो ना? वर सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत पूर आला, घरं गेली लोकांची, आणि तिथली सगळी म्हादय, म्हणजे मांडवीच, खाली आमच्याकडेच येते. त्यात दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. त्या रात्री बाबा, काका, मी आणि वाड्यावरचे सगळे बांधावर होतो, टॉर्च, कुदळी, मातीची पोती आणि पेंढा घेऊन. बांध कधी एकदम फुटत नाही. आधी खेकड्याच्या बिळातून बोटाएवढी धार येते, पाणी स्वच्छ असेल तर थोडा वेळ असतो, पण गढूळ यायला लागलं की समजायचं आतली माती निघाली, लगेच पेंढा कोंबून वर चिखल थापायचा आणि पायाने तुडवायचा. बाबा वाकून हाताच्या ओंजळीत पाणी घेऊन रंग बघत पुढे पुढे जात होते आणि आम्ही मागून बुजवत होतो. आमचा बांध राहिला. ज्यांचा जातो त्यांच्या शेतात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं भात नीट येत नाही, खाऱ्यात तग धरणारं कोरगुटसुद्धा दमतं.

आणि उलटंही होतं हां. पहिला पाऊस जमिनीतलं मीठ धुवून काढतो, त्यानंतरच पेरायचं. पण हल्ली जोरात पडतो आणि मग दडी मारतो, कडक ऊन पडतं, मीठ परत वर येतं आणि रोपं पिवळी पडतात. पूर आला तर पेपरात फोटो येतो, ह्याचा कोण काढणार! नुकसान मात्र तेवढंच.

दिवाडी, सून

मी तौक्तेबद्दल लिहिते. १६ मे २०२१, रविवार. कोविडची दुसरी लाट, कर्फ्यू, आणि मामंजी घरी ऑक्सिजनच्या मशीनवर. आदल्या दिवशी नुसता दमट उकाडा, पान हलत नव्हतं, सासूबाई म्हणाल्या हे काही खरं नाही आणि सगळी भांडी, बादल्या पाण्याने भरून ठेवायला लावली. पहाटे वारा सुरू झाला आणि वीज गेली ती गेलीच. झाडं रस्त्यावर आडवी, आणि तसल्या वाऱ्यात फेरी कोण सोडणार. कॉन्सन्ट्रेटर साधारण तीनशे-साडेतीनशे वॅट खातो, आमच्या इन्व्हर्टरवर तो किती टिकणार. सुदैवाने छोटा सिलिंडर भरून ठेवला होता, तेवढ्यात आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या पोरांनी फांद्या तोडत वाट केली आणि मामंजींना खुर्चीवर बसवून पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे नेलं, त्याच्याकडे जनरेटर होता. त्याने भट्टीच्या शेजारची खोली रिकामी करून दिली, डिझेलचे पैसे घेतले नाहीत, वर पाव दिले सगळ्यांना. दोन्ही घरांची माणसं एकमेकांना हात लावायला घाबरत होती तेव्हाची गोष्ट आहे ही! मामंजी बरे झाले. वादळ दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत दीवजवळ धडकलं, आमच्यापासून ते लांब समुद्रातच होतं आणि तरी ही अवस्था.

तेव्हापासून आजारी माणूस घरात असेल तर हवामानाची बातमी आली की आम्ही वाट बघत नाही, फेरी चालू असतानाच पलीकडे नातेवाइकांकडे नेऊन ठेवतो. बेटावर राहणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच कळकळीचं सांगणं आहे.

चोडण, सासर

आमचं नुकसान तसं लहान पण मला फार लागलं म्हणून लिहिते. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आला आणि लगेच गोव्यात, एरवी आपल्याकडे ५ जून धरतात. म्हणजे पुरुमेंताचे, पावसाळ्यासाठी सुकवून साठवणीचं करायचे, दहा-बारा दिवस गेले की! सोलां एका उन्हात होत नाहीत, कोकमाची साल वाळवायची, परत मीठ घातलेल्या रसात बुडवायची, परत वाळवायची, असं काळी पडून मऊ होईपर्यंत. आमची सालं अर्धवट झालेली, मिरच्या अंगणात, सुकं गल्मो (बारीक सुकट) पत्र्यावर, आणि आभाळ उतरलं. सोलां चुलीवरच्या माळ्यावर धुराला ठेवून वाचवली पण चव वेगळी लागते, मांयनी, म्हणजे सासूबाईंनी, तोंडात टाकून काही न बोलता डबा झाकला. मिरच्यांना बुरशी आली, वर्षभराचं तिखट विकतचं. आता आमच्या वाड्यावरच्या बायका एप्रिलमध्येच सगळं उरकायचं म्हणतायत पण कोकमं पिकायला तर हवीत ना आधी.

जुवें

आमचे सात शिरांचे भेंडे सगळ्यांना माहीत आहेत. नोव्हेंबरात अवेळी पाऊस झाला की बी कुजतं, परत लावावं लागतं, बाजारात उशिरा येतात आणि भाव गेलेला असतो. बाकी आमच्याकडे पूल आहे त्यामुळे तुमच्यासारखे अडकत नाही, तुमचं वाचून पोटात कालवलं.

चोडण, शाळेत शिकवते

पावसाबद्दल सगळे लिहितायत, मी धुक्याबद्दल लिहिते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी नदीवर असं दाट धुकं बसतं की रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून फेरीचा भोंगा ऐकू येतो पण फेरी दिसत नाही. ऊन चढलं की अर्ध्या तासात सगळं साफ, पण तोच अर्धा तास महत्त्वाचा असतो, पोरं वर्गात येऊन बसलेली असतात. मये-डिचोलीवरून रस्ता आहे पण पणजीहून तिकडून यायचं म्हणजे केवढा वळसा. आम्ही शिक्षकांनी आपसात ठरवून टाकलंय, त्या दोन महिन्यांत पहिला तास बेटावरच राहणारीनेच घ्यायचा. आणि परीक्षेच्या दिवशी बाहेर जाणाऱ्या मुलांना एक फेरी आधीची पकडायला लावतो, आईबाप कुरकुरले तरी.

दिवाडी, आजोबा (नातू टाइप करतोय)

५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा पणजीपलीकडच्या अख्ख्या बार्देस तालुक्याला कळलं की फेरीवर अवलंबून राहणं काय असतं, पुढे नवा पूल होईपर्यंत. आम्ही मात्र आयुष्यभर तिथी बघून बाहेर पडलो. साधा हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करा, भरतीचा अंदाजे तास मिळतो. अष्टमी असेल तर सहा, बारस असेल तर नऊ, आणि पौर्णिमा-अमावास्येला अकराच्या पुढे. सकाळचीही आणि रात्रीचीही तीच वेळ, आणि रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, नदीत वर गेलं की अजून उशीर होतो, पण आलेला ढग भरतीला बरसणार की ओहोटीला हे कॅलेंडर बघून सांगता येतं. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस आणि वर घाटात रात्रभर पाऊस, असं असेल तर गुरं उंचावर बांधा, भाताची कणगी वर उचला. नातवाला हे शिकवलंय, तो मोबाइलमध्ये भरतीचं कोष्टक बघतो आणि मी बोटांवर मोजतो, मग आम्ही ताडून बघतो.

फेरीवर कामाला होतो, आता रिटायर

एक राहिलं ते मी सांगतो. प्रवाशांना वाटतं पाऊस जास्त म्हणून फेरी थांबवली, तसं नसतं, पावसात आम्ही चालवतोच. वाईट वेळ म्हणजे ओहोटीचं पाणी पुरासकट समुद्राकडे धावतंय आणि वारा समुद्राकडून नैऋत्येचा, दोन्ही समोरासमोर भिडले की लाटा उभ्या राहतात आणि फेरी धक्क्याला सरळ लागत नाही. त्यात वरून ओंडके, केळीचे गड्डे, जलपर्णीचे पुंजके वाहत येतात, एखादा पंख्यात अडकला की इंजिन गेलं. अशा वेळी धक्क्यावर उभं राहून शिव्या घालू नका, अर्धा तास दम धरा, पाणी मंदावलं की सोडतोच. आणि फाळका, म्हणजे गाड्या उतरायची फेरीची फळी, धक्क्याला पूर्ण टेकेपर्यंत स्कूटर सुरू करू नका, ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं, पुढचं चाक तिथेच सटकतं. म्हाताऱ्यांना आणि पोरांना आधी चालत उतरू द्या, गाड्या मागून.