एकच समीक्षक सर्व प्रकारच्या चित्रपटांना न्याय देऊ शकतो का?

पडदाप्रेमी

एका समीक्षकाची परीक्षणे मी गेली काही वर्षे नियमाने वाचत आलो आहे. भयपट, युद्धपट, अ‍ॅनिमेशन, विनोदी चित्रपट, तीन तासांची गंभीर नाट्ये, यांपैकी त्यांना काहीच वर्ज्य नाही आणि लिहितातही नेमके. तरीही त्यांची मते शेजारी शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट खटकते. 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला त्यांनी साडेचार तारे दिले आणि 'द सबस्टन्स'ला अडीच. कारण काय, तर दुसऱ्या चित्रपटात 'संयम नाही'. समीक्षकाने सगळ्या प्रकारांना एकच फूटपट्टी लावावी की प्रत्येकाला वेगळी? आणि आपण वाचकांनी अशा मतांवर कितपत विसंबावे? जाणकारांनी कृपया लिहावे.

तिसरी घंटा

फूटपट्टी एकच असावी, पण ती कुठे टेकवायची हे चित्रपटाच्या प्रकारावरून ठरावे, असे मला वाटते. आपण दिलेलीच दोन उदाहरणे घेऊ. 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) मध्ये ऑश्वित्झ छळछावणीच्या प्रमुखाचे घर आणि बाग दिसत राहते. भिंतीपलीकडची छावणी जवळजवळ दिसतच नाही, ती ऐकू येते. त्याची पत्नी कैद्यांकडून लुबाडलेला फरचा कोट आरशासमोर अंगावर चढवून पाहते, खिशात तिला लिपस्टिक सापडते आणि ती ओठांना लावून बघते. कॅमेरा या सगळ्याकडे घरातल्या एखाद्या नित्याच्या गोष्टीकडे पाहावे तसा पाहतो. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी इथे आवाज चढवला असता, तर या माणसांचे निर्ढावलेपण आपल्याला दिसलेच नसते. सर्वोत्कृष्ट ध्वनीचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही.

'द सबस्टन्स' (२०२४) मध्ये कोराली फार्जा यांना नेमके उलटे करायचे आहे. वय झाले म्हणून दूरचित्रवाणीवरचे काम गमावलेल्या अभिनेत्रीला स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी घृणा प्रेक्षकाच्या अंगावर यावी, यासाठी अतिरेक हाच त्यांचा मार्ग आहे. मात्र त्यातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग बिनरक्ताचा आहे, हे आपल्या समीक्षकांच्या नजरेतून निसटलेले दिसते. एका भेटीसाठी निघालेली नायिका पुन्हा पुन्हा आरशाकडे परतते, रंगरंगोटी बदलते आणि अखेर ती हातांनी चेहऱ्यावरून ओरबाडून काढते. भेट राहते ती राहतेच. शेवटाकडचा रक्तपात मलाही लांबलेला वाटला आणि दोन तास वीस मिनिटांच्या लांबीतून काही भाग कापता आला असता, असेही मी म्हणेन. पण हा आक्षेप संकलनावरचा झाला. 'संयम नाही' हा आक्षेप चित्रपटाच्या जातीवरचा आहे, आणि तो घ्यायचा असेल तर परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत 'मला भयपट आवडत नाहीत' असे लिहून मोकळे व्हावे.

उजेडवाट

तिसरी घंटा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, फक्त एका धोक्याकडे लक्ष वेधतो. प्रकारानुसार मोजमाप करायला लागले की 'राक्षसपटाच्या मानाने बरा आहे' अशी सवलत हळूच आत शिरते आणि ती टीकेपेक्षाही अपमानकारक असते. 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) हा चित्रपट अशा कुठल्याही सवलतीविना उभा राहतो. यंत्रात बिघाड असल्याचे खोटे सांगून आत्मघातकी हल्ल्यातून सुटलेला वैमानिक युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये जिवंत असण्याचीच लाज बाळगत जगतो. महाकाय प्राणी हा त्या लाजेचाच पाठलाग आहे. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांनीच पटकथा लिहिली आणि दृश्यपरिणामांची धुराही सांभाळली, त्यामुळे प्राणी केव्हा दाखवायचा आणि केव्हा नाही, हा निर्णय कथेच्या गरजेतून झाल्याचे जाणवते. दृश्यपरिणामांचे ऑस्करही या छोट्या चमूने हॉलिवूडच्या कितीतरी पट खर्चिक चित्रपटांसमोर मिळवले.

कात्रीवाला

ताऱ्यांविषयी थोडेसे. तारे हे मताचे टिपण आहे, मत नव्हे. समीक्षकांची परीक्षणे एकत्र करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावरच्या टक्केवारीबाबत तर हा घोळ नेहमीच होतो. तिथला ९० हा आकडा, शंभरांपैकी नव्वद समीक्षकांना चित्रपट एकंदरीत पसंत पडला, एवढेच सांगतो. तो किती आवडला, हे त्यातून कळत नाही. सगळ्यांना 'ठीक आहे' वाटलेला गुळगुळीत चित्रपट त्या मोजणीत सहज वर जातो आणि निम्म्यांना वेड लावणारा, निम्म्यांना संतापवणारा चित्रपट तळाला राहतो. 'मेटाक्रिटिक' हे तसलेच दुसरे संकेतस्थळ गुणांची भारित सरासरी काढते, म्हणजे काही समीक्षकांच्या मताला अधिक वजन देते, पण सरासरीत टोकाची मते बोथटच होणार. म्हणून आपण एकाच समीक्षकाला धरून वाचता, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यांचा कल एकदा माहीत झाला की अडीच ताऱ्यांतूनही हवे ते काढून घेता येते.

पडदाप्रेमी

सर्वांचे आभार. हेच समीक्षक 'फ्लो' (२०२४) या मांजरावरच्या लॅटव्हियन अ‍ॅनिमेशनपटाला 'मुलांसाठी गोड' म्हणून चार ओळींत निकालात काढतात, आणि 'अनोरा'तील (२०२४) घरातला लांबलचक धुमाकूळ त्यांना 'सूर हरवलेला' वाटतो. यावर आपले काय म्हणणे आहे?

तिसरी घंटा

'फ्लो'बाबत ती चार ओळींची बोळवण अन्यायाची आहे. संपूर्ण चित्रपटात एकही संवाद नाही, प्राणी माणसांसारखे वागत नाहीत, आणि पूर चढत असताना मांजर काय ठरवते आहे हे केवळ तिच्या कानांवरून आणि पावलांवरून कळते. गिंट्स झिल्बालोडिस यांनी तो 'ब्लेंडर' या मोफत संगणकप्रणालीवर केला. त्यामुळे कातडीचा आणि केसांचा पोत महागड्या चित्रपटांइतका सफाईदार नाही, आणि काही ठिकाणी ते खुपतेही. टीका करायचीच तर तिथे करावी.

'अनोरा'चे म्हणाल, तर तिथला सूर हरवलेला नसून मुद्दाम दुहेरी ठेवला आहे. तीन गुंड एका तरुणीला आवरू पाहतात, त्यांची त्रेधा उडते, आपण हसतो. पण ती बांधलेली आहे आणि घाबरून किंचाळते आहे, हे विसरू दिले जात नाही. शॉन बेकर यांनी दिग्दर्शनाबरोबर संकलनही स्वतःच केले आहे, आणि हा प्रसंग किती वेळ ताणायचा याचा निर्णय त्याच टेबलावर झाला असणार. आपल्या समीक्षकांना तो लांबलेला वाटला असेल तर वाटो, परंतु नेमक्या कोणत्या क्षणी हसू थांबले, हे त्यांनी लिहायला हवे होते.